गोठ्याच्या जागी न्हाणीघर

दापोलीच्या घराचं काम काढलंय असं कळल्यावर भेटेल तो एकच सांगायचा: दुरुस्तीत जेवढे पैसे घालाल तेवढ्यात नवं घर उभं राहील. हे अगदीच खोटं नाही. चौरस फुटाच्या दरानं हिशोब मांडला तर स्लॅबचं नवं घर सोपं पडतं. कंत्राटदाराला कळतं, बँकेलाही कळतं. माझी नोकरी बँकेतली, घरकर्जाच्या फायली वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेल्या. जुन्या घराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक घेऊन कोणी आलं की आमचे साहेब चष्मा काढून ठेवायचे. कौलं उतरल्याशिवाय खरा खर्च कळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण त्या स्वस्त हिशोबात दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या, म्हणजे घडवलेल्या जांभ्या दगडाच्या, भिंती आणि फणसाचे अखंड खांब धरलेले नसतात. ते पाडल्यावर मातीमोल, आणि पुन्हा उभे करायचे म्हटले तर आज तसा फणस बघायलाही मिळत नाही. शिवाय मे महिन्याच्या दुपारी आमच्या माजघरात पंख्याशिवाय झोप लागते. शेजारच्या स्लॅबवाल्यांकडे एसी आहे आणि लाइट गेली की तेही आमच्याच ओटीवर येऊन बसतात.

घर हर्णैच्या रस्त्याला, थोडं आत. दाराच्या गणेशपट्टीवर शके १८५१ कोरलंय, म्हणजे १९२९ साल. ह्यांच्या आजोबांनी बांधलं. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वैपाकघर, बाळंतिणीची खोली, वर माळा. मागे परस, विहीर, पोफळीची बाग आणि गुरं गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा. एवढ्या ऐसपैस घरात संडास आणि न्हाणी मात्र बाहेर, परसाच्या टोकाला. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं आषाढात रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून जायचं, हे चालण्यासारखं नव्हतं. बाकी सगळं, म्हणजे मुलांना लॅपटॉप घेऊन बसायला जागा, गणपतीत चाळीस-पन्नास पानं वाढता येईल असं स्वैपाकघर, हे नंतर त्याला चिकटत गेलं.

कोकणातल्या जुन्या घराच्या कामात मुळात एकच प्रश्न असतो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. लोक टाइल्सचे नमुने, दिव्यांचे फोटो, पीओपीच्या डिझाइनी घेऊन बसतात. मी सुरुवातीला फक्त एक पावसाळा वही घेऊन घरात राहिले. कुठे गळतं, भिंतीला ओल किती हातापर्यंत चढते, पागोळ्यांचं पाणी अंगणातून कुठल्या बाजूनं वाहतं, पश्चिमेची झड किती आत येते. त्या वहीवरून पुढचं सगळं ठरलं.

आधी छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यालाही त्यानं झोडपून काढलं. आमची निम्मी कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या. त्या सुमारास कौलं मिळेनात, माणसं मिळेनात, तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांवर पत्रे चढले ते कायमचेच. मी पत्र्याला नावं ठेवत नाही. ज्यांच्याकडे दरवर्षी कौलं चाळायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणूस नाही आणि माकडांच्या टोळ्या छपरावर उड्या मारतात, त्यांनी काय करावं? पण पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही कौलंच ठेवायची ठरवली.

कौलं उतरवल्यावर एक गंमत कळली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर नळीची कौलं हळूहळू मागे पडून ही चपटी, खाचांची कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. पुढे कारखाने वाढले, आणि प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा. कौल उलटं केलं की पाठीवर शिक्का दिसतो. आमच्या छपरावर निरनिराळ्या शिक्क्यांची कौलं निघाली, कारण दर पाच-दहा वर्षांनी फुटलेल्यांच्या जागी मिळतील ती घातलेली. एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नव्हती, आणि गळतीचं निम्मं कारण तेच होतं. म्हणून अंगणात शिक्क्याप्रमाणे ढीग लावले. एका साच्याची चांगली जुनी कौलं सगळी पुढच्या उताराला, नवी सगळी मागच्या उताराला. दोन्हींची सरमिसळ एका उतारावर करायची नाही, एवढा एक नियम पाळलात तरी बरंच आहे. कौलाच्या पाठीला जे टोक असतं त्याला भोक असतं, तारेनं रीपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, बांधायला. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या टोकाच्या, आणि कडेच्या ओळी आम्ही तारेनं बांधून घेतल्या. वादळात पहिल्यांदा उचकटतात त्या ह्याच.

लाकडाची तपासणी मात्र बघण्यासारखी होती. आमचे मेस्त्री साठीचे, कमी बोलणारे, कानात पेन्सिल. शिडीवर चढून ते एकेका वाशावर हातोडीची मूठ आपटत आणि कान लावत. टण्ण वाजला तर पुढे. भद्द वाजला तर खिशातून पटाशी काढून टोक खुपसायचं. पटाशी बोटभर आत गेली की खडूनं फुली. ओटीवरच्या वाशांवर फुल्याच फुल्या. माजघरावर थोड्या. स्वैपाकघरावर आल्यावर मात्र नुसतं टण्ण, टण्ण, टण्ण. तिथलं लाकूड काळंकुट्ट, हात लावला की बोटं काळी होत होती, पण एकही फुली नाही. मी विचारलं, हे लाकूड वेगळं आहे का? "लाकूड तेच हाय वैनी," ते खाली न बघताच म्हणाले, "हितं चुलीचा धूर लागलाय. तुमच्या ग्यासनं वाट लावली."

खरंच आहे ते. चुलीच्या धुरानं लाकडाला कीड लागत नाही आणि लाकूड कोरडं राहतं. शिवाय चूल पेटते म्हणजे घरात माणसं असतात, दारं-खिडक्या उघडल्या जातात, वाळवीची नळी भिंतीवर चढलेली कोणाच्या तरी नजरेला पडते. कोकणातली घरं म्हातारी झाली म्हणून पडत नाहीत, बंद राहिली म्हणून पडतात. नव्या स्वैपाकघरात गॅस आहे, पण जुन्या स्वैपाकघरातली चूल आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब आम्ही मुद्दाम तिथेच ठेवले. सासूबाई खूश, मेस्त्री खूश, आणि गणपतीतले मोदक चुलीवरच उकडतात. बाकीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. वास काही आठवडे जात नाही, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं.

दोन खांब खालून कुजले होते. मला वाटलं खांबच बदलावे लागणार. मेस्त्रींनी वरचा भार टेकूंवर घेऊन कुजलेला फूटभर भाग कापला, त्या जागी काळ्या दगडाचा उंच तळखडा (खांबाखालचा दगड) बसवला आणि खांब त्यावर टेकवला. आता लाकूड जमिनीला लागतच नाही. दुपारभराचं काम, पण पोटात गोळा आला होता. सासूबाई मात्र झोपाळ्यावर बसून शांतपणे वाती वळत होत्या.

छताला पीओपी किंवा प्लायचं सीलिंग लावा असा आग्रह घरातल्या तरुण मंडळींनी धरला होता. मी ऐकलं नाही. सीलिंग लावलं की गळती दिसत नाही, आणि जी गळती दिसत नाही ती आधी वासा खाते. वर उंदरांचा संसार थाटतो तो वेगळाच. त्याऐवजी माजघरावर चार काचेची कौलं जास्तीची घातली. आता दिवसा दिवा लावावा लागत नाही.

भिंतींचं काम जास्त चिवट निघालं. सासऱ्यांनी ऐंशीच्या दशकात हौसेनं आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्या काळी सगळेच करायचे, सिमेंट म्हणजे पक्कं. पण जांभा दगड सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि उघडा असेल तर उन्हावाऱ्यात ती सोडूनही देतो. त्यावर सिमेंट फासलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतल्या आत वर चढते, क्षार बाहेर येतात, रंगाचे पोपडे पडतात. मग लोक पोपडे खरवडून वॉटरप्रूफ रंग लावतात, आणि ओल आणखी एक हात वर जाते. आमच्या माजघराच्या भिंतीला माझ्या खांद्यापर्यंत ओल होती.

सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं. धूळ इतकी की शेजाऱ्यांचे पापड वाळत घातलेले काढावे लागले. मग भिंती तशाच उघड्या ठेवल्या, फाल्गुन-चैत्राच्या उन्हात दारं-खिडक्या सताड. ओलीची रेघ उतरत गेली तशी मी पेन्सिलीनं खुणा करत गेले. नंतर आतून चुन्याचा गिलावा. कळीचा चुना टाकीत भिजत घातला की रटरटून उकळतो, मुलांना आणि मांजरांना लांब ठेवायचं. मग तो मुरू द्यायचा, जितका मुरेल तितका चांगला. मेस्त्रींनी त्यात गुळाचं पाणी घातलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होत जातो, म्हणून त्याला घाई चालत नाही. थर पातळ, दोन थरांमध्ये दम, आणि सारखं पाणी शिंपडणं. सिमेंटला सरावलेला गवंडी ह्या कामाला वैतागतो. आम्हाला ज्यांना येतं असे दोनच जण मिळाले, आणि त्यांच्या सोयीनं आमचं वेळापत्रक हललं.

पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात पूर्वी नारळाची झापं बांधायचे, झडीपासून वाचवायला. आता झापं विणणारं कोणी नाही. तिथे आम्ही वळचण तीन फूट पुढे काढली. दिसायला घर जरा टोपी कपाळावर ओढल्यासारखं दिसतं, पण भिंत कोरडी आहे.

आता वाढीव भाग. तो कुठे काढायचा ह्यावर घरात बरीच खडाजंगी झाली. दिरांचं म्हणणं, पडवीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून खोली करा, स्वस्तात होईल. तसं केलेली घरं गावात आहेत. पडवी बंद केली की ओटीचा वारा जातो, ओटीचा गेला की माजघराचा जातो, आणि मग एसी घ्या. पडवी जशी होती तशी राहिली, गजांसकट. वाढ मागे, गोठ्याच्या जागेवर.

गोठ्याची जागा ठरली तरी नवा भाग जुन्या भिंतीला चिकटवायचा नाही, ह्यावर मी अडून बसले. कारण दोन. एक म्हणजे जुनं जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, इतक्या वर्षांत बसून पक्कं झालंय. नवं जोतं पहिल्या काही पावसाळ्यांत थोडं तरी दबणार. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवल्या तर तडा ठरलेला. दुसरं कारण पागोळ्यांचं. जुन्या छपराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी गोठ्याच्या बाजूला पडतं. नवं छप्पर तिथे टेकवलं तर दोन उतारांच्या मध्ये दरी तयार होते, तिथे पन्हळ घालावी लागते, त्या पन्हळीत फणसाची पानं साचतात आणि एका रात्रीत पाणी घरात. ज्यांनी जुन्या घराला खोली जोडली आहे त्यांना विचारा, गळतं ते सांध्यालाच गळतं.

म्हणून मध्ये चार फुटांचा बोळ सोडला. जुन्या घराच्या पागोळ्या जिथे पडायच्या तिथेच पडतात, खाली चिऱ्याची नाली, तिला बागेकडे उतार. मागच्या दारातून नव्या भागात जायला तेवढ्यापुरतं वर वेगळं छोटं छप्पर, जुन्या वळचणीच्या खाली सरकवलेलं, कुठेही न जोडता. नव्या भागात एक झोपायची खोली, न्हाणीघर-संडास आणि मोठं स्वैपाकघर. भिंती चिऱ्याच्याच, बाहेरून गिलावा नाही, नुसत्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरलेल्या. छप्पर कौलारू आणि जुन्यापेक्षा ठेंगणं. पुढून अंगणातून बघितलं तर मागे काही बांधलंय हे कळतही नाही. कंत्राटदाराला हेच खटकलं. "एवढा खर्च करून दिसणारच नाही?" असं म्हणाला बिचारा.

नव्या भागाची जमीन माजघराच्या पातळीत आणली, म्हणजे सासूबाईंना एकही पायरी नको. त्यासाठी जोतं उंच घेऊन भर घालावी लागली. राहता राहिला मागच्या दाराचा उंबरठा, वीतभर उंच. वॉकर त्यावरून जात नव्हता. उंबरठा काढायचा म्हटल्यावर ह्यांना बोलवेना. मीच विषय काढला.

"पुढल्या दाराला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मागल्या दाराचा म्हणत्ये मी."

"मग काढ की. अगो, मागल्या दारानं लक्ष्मी थोडीच येत्ये? मांजरं येतात."

उंबरठा काढला, चौकट तीन फुटांची केली, न्हाणीघराचं दारही तेवढंच आणि बाहेर उघडणारं. म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं. जमिनीला गुळगुळीत टाइल्स कुठेही नाहीत. नव्या भागात लाल कोबा (लाल रंग घातलेली सिमेंटची जमीन), न्हाणीघरात खरखरीत शहाबादी. माजघराची शेणाची जमीन पूर्वीच गेली होती, तिथेही कोबाच.

शोषखड्ड्याची जागा ठरवताना मात्र कुठलीही तडजोड केली नाही. जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर झिरपतं. विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जागा सोयीची म्हणून विहिरीजवळ खड्डा घेतलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे चहा पिताना माझ्या मनात तेच चालू असतं.

वायरिंग सगळं नवं, अर्थिंगसह, आरसीसीबीसह (शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच). जुनं लाकडी पट्टीवरचं होतं. चिरा फोडून वायर गाडल्या नाहीत, पाइप भिंतीवरूनच नेले. वायफाय दीड फुटाच्या भिंतीपलीकडे जात नाही, माळ्यावरून केबल टाकून दोन राउटर बसवावे लागले. मुलगा आता ओटीच्या कोपऱ्यात बसून मीटिंगा करतो आणि मागून कोंबडा आरवला की म्यूट करतो. कोंबडा शेजाऱ्यांचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजेसासऱ्यांनंतरची चार नावं आहेत. काम सुरू करण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घेतली, ज्यांचं वर्षातून एकदा गणपतीला येणं होतं त्यांचीसुद्धा. मोठ्या चुलत सासऱ्यांनी सही करताना विचारलं, माझी झोपायची जागा राहील ना? ओटीवरच्या झोपाळ्याशेजारची. राहिली आहे.

खर्चाचा आकडा सगळे विचारतात. दर बदलतात, गावागणिक बदलतात, म्हणून वाटणी सांगते. दहा रुपयांतले चार नव्या भागाला गेले, तीन छपराला, दीड भिंतींना, एक रुपया पाणी, वीज आणि ड्रेनेजला. उरलेल्या पन्नास पैशांत रंग, दिवे, पडदे आणि भांडणं. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि कौलं मृगाच्या आधी पुरती चढवा. मे महिन्यात उघडं छप्पर ठेवून कुठल्याही गवंड्याच्या शब्दावर विसंबू नका, तेव्हा गावातली लग्नं असतात.

माकडांचं काय, हे अजून सुटलेलं नाही. यंदाही दहा-बारा कौलं फुटली. त्यासाठी जुन्या साच्याची चांगली कौलं गोठ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात रचून ठेवली आहेत आणि पुढच्या उतारावर फुटलेल्या जागी तीच घालतो.

मेस्त्रींचा नंबर मागणाऱ्यांसाठी: ते फोन उचलत नाहीत. मंगळवारी दापोलीत लाकडाच्या वखारीत सकाळी असतात. पुढची दिवाळी होईपर्यंत काम घेणार नाहीत असं सांगतील. तरी घरातली एक कुजलेली रीप कापून बरोबर न्या. ती बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही.